खडूनं आखलेला बोर्ड

प्रिय दादा,

नव्या वर्कशॉपचा सांगाडा, शटर, पहिली कडबाकुट्टी मशीन आणि घोडेगावच्या बाजारात गुरं टेम्पोत चढवायचा रॅम्प, सगळं मी स्वतः केलं. रॅम्पला आडव्या पट्ट्या मारल्यात, म्हशीचा पाय घसरत नाही.

सोमवारी उद्घाटन आहे आणि नाव ठरत नाही. 'साळवे बंधू' यापुढं कुणीच लावायचं नाही, असं वाटणीत ठरलं. घरात फिलोमिना 'प्रभुकृपा' म्हणते, आमच्या नोहाला इंग्रजी पाहिजे. काल रंगनाथ पेंटरनं मला न विचारताच बोर्डावर खडूनं 'साळवे बंधू' आखलं. मी ओरडलो तर म्हणतो, "आवो, वीस वर्सं हेच लिवतोय, हात तिकडंच गेला. भांडलाय तुमी, बोर्डानं काय केलंय?"

फडकं घेतलं, पण पुसवलं नाही. तू पातळ पत्रा वापरलास हे मी गिऱ्हाइकासमोर बोललो. ते मला अजूनही बरोबरच वाटतं. म्हणून हे पत्र टाकणार नाही. मी परत बोलावतोय असं तुला वाटेल.

एकच विचारायचं होतं. परवा राहुरीचा एक डीलर आला होता. माल तो दुसरीकडून बनवून घेणार आणि त्यावर आपलं जुनं नाव घालणार. "थोरल्या साळव्यांची सही झालीय, तुमचीच राहिलीय," म्हणाला. खरं की खोटं, मी त्याला विचारलं नाही. नावातल्या माझ्या निम्म्या हिश्श्याचे तो चार लाख रोख देत होता. मी नको म्हणालो.

तुझा धाकटा,
योहान