आमची भिंत त्यांच्या गोलात

३ जून

चि. सौ. बारकीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. कारण तुला ठाऊकच आहे. हॉकीचा मोसम यंदा लांबला, तो मेअखेर संपला आणि आपली टीम तळाला जाता जाता वाचली. शेवटच्या सामन्यात कशीबशी बरोबरी झाली, तर लोक एकमेकींना-एकमेकांना अशा मिठ्या मारत होते की जणू कपच जिंकला! मी आपला बाकावर बसून राहिलो. दरवर्षी जीव टांगणीला लावायचा आणि शेवटी बुडलो नाही म्हणून पेढे वाटल्यासारखं तोंड करायचं, याचा आता खरंच कंटाळा आलाय गं. त्यातून रंगाच्या कारखान्याच्या साहेबांनी सांगून टाकलंय की टीम खालच्या गटात गेली तर कारखाना ती चालवणार नाही. म्हणजे पुढच्या वर्षी घसरलो की कायमचं कुलूप.

वाचलो ते केवळ आमच्या गोलकीपरमुळे. कारखान्याला बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृह झेपत नाही, म्हणून त्यांना आम्हा चाहत्यांच्या घरी वाटून दिलंय, हे तुला लिहिलं होतंच. आमच्या वाट्याला ही आली. गावाने तिला ‘भिंत’ असं नाव ठेवलंय. तीन मोसम झाले, ती आमच्या चिरंजीवांच्या रिकाम्या खोलीत राहते. तिचे पॅड गॅलरीत वाळत असतात आणि त्या वासाने शेजारी खिडक्या लावून घेतात. तुझी वहिनी तोंडाने कुरकुर करते आणि हाताने तिच्या ताटात आणखी वाढते.

मी अजून गोलाच्या मागच्याच बाकावर बसतो. पेनल्टी कॉर्नर लागला की मारणारी पोरगी बॉल कुठे घालणार ते ओळखून भिंतीला ओरडून सांगतो, डावीकडे किंवा उजवीकडे. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला, माणसाची नजर कुठे चुकते तेवढं मला कळतं. ती कधी मागे वळून बघत नाही, पण ऐकते. सगळं गाव हसतं मला. हसू दे.

मेव्हण्यांना नमस्कार. लोभ आहेच, त्यात काटकसर करू नकोस.

तुझा
दादा

१४ जून

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दोनदा पाणी प्यायले, कारण मला जे लिहायचंय ते तुला झोंबणार आहे.

माझ्या शेजारच्या बाई इथल्या टीमच्या प्रशिक्षक आहेत. हो, त्याच निळ्या टीमच्या. त्यांना तुमची भिंत हवी आहे. नोकरी देतील, राहिलेलं शिक्षण पुरं करू देतील आणि मोठ्या संघाच्या निवडीसाठी तिचं नाव पुढे करतील. तुमच्या गावात तिचा खेळ बघायला कोण येतं रे दादा? तू, वहिनी आणि निवृत्त पोस्टमन. बाईंनी मला विचारलं की मुलीशी कोण बोलेल. मी म्हटलं, आमचा दादा बोलेल, तो तिच्या घरच्यासारखाच आहे. राहायची सोय माझ्याकडे होईल. शिवणाची खोली रिकामी करून देते.

मीही आपल्या हिरव्या टीमचीच आहे, हे विसरू नकोस. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून तुझ्याहून मोठ्याने मीच ओरडायचे. पण पोरीचं वय निघून चाललंय.

वहिनीला नमस्कार. माया होती तेवढी राहू दे, एवढंच मागणं.

तुझी
बारकी

२९ जून

चि. सौ. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मैदानावर नवीन गवत लावलंय, पण पाणी कोण घालणार यावर वाद चालू आहे. दुकानातलं भिंगं घासायचं यंत्र कुरकुरतंय. पोस्टमनचा चष्मा पुन्हा बदलला. तो म्हणतो की नंबर वाढलाय. मी म्हटलं, आपली टीम बघून बघून वाढला असेल. तुझ्या वहिनीचा गुडघा जरा बरा आहे. बाकी विशेष काही नाही.

कळावे.

दादा

६ जुलै

ती. दादास,

सा. न.

गवत कळलं, यंत्र कळलं, वहिनीचा गुडघाही कळला. मी विचारलं होतं ते मात्र गिळून बसलास! तू तिला अजून सांगितलंच नाहीस ना? खरं सांग.

तुला राग आला तर येऊ दे, पण लिहिते. तुमच्या टीमला ती हवी आहे म्हणून तू गप्प बसलास, तर त्या कारखान्याच्या साहेबात आणि तुझ्यात फरक काय? प्रशिक्षक बाई महिनाअखेरपर्यंत थांबतील. मग दुसरी मुलगी घेतील.

माझा राग दोन दिवसांचा असतो, तेवढा सोसून घे.

बारकी

१७ जुलै

चि. सौ. बारकीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वहिनीनेही वाचलं. दोन दिवस ती माझ्याशी तुटक बोलत होती. म्हणजे तुम्ही दोघी एक झालात, मग माझं काय चालणार?

परवा जेवताना भिंतीला सगळं सांगितलं. तर ती मान खाली घालून म्हणाली की तिला ठाऊक होतं. प्रशिक्षक बाईंनी तिला मैदानावर गाठून आधीच विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. का, म्हणून विचारलं तर पुटपुटली की काकांची टीम बुडेल. काकांची! बारके, मी ताट बाजूला सारलं. मी महिनाभर तोंडाला कुलूप लावून बसलो होतो आणि ही पोरगी माझ्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेत होती.

मग मी तिला पटवायला बसलो. आयुष्यभर आपल्या टीमची बाजू घेऊन भांडलो, आता पहिल्यांदाच तिच्या विरुद्ध बोलत होतो. सांगितलं की टीम बुडायची असेल तर तुझ्यासकट बुडेल, मग दोघांपैकी एकाने तरी पोहावं. ती ऐकेना. शेवटी वहिनीने दटावलं की खोली रिकामी करून हवी आहे, पाहुणे येणार आहेत. कुठले पाहुणे आणि कुठलं काय! पण पोरगी हसली, आणि मग रडली.

पुढच्या रविवारच्या गाडीने पाठवतो. सकाळी लवकर उठते, तिला उठवायला जाऊ नकोस. पॅड गॅलरीतच वाळत घाल, खोलीत ठेवू नकोस. आपली टीम आता उघडी पडली आहे, ते मात्र खरं. तूच नेलीस, फितूर कुठली!

आशीर्वाद तर तुला द्यावेच लागतात, ते घे.

दादा

२२ नोव्हेंबर

ती. दादास,

सा. न. वि. वि.

तुझी फितूर बहीण लिहिते. भिंत मजेत आहे. दिवसा कचेरीत जाते, संध्याकाळी सराव करते आणि रात्री पुस्तक उघडून त्यावरच डोकं ठेवून झोपते. तिची नवी जर्सी खांद्यात सैल होती, ती मी आवळून दिली. निळ्या कापडाला टाके घालताना बोटाला सुई टोचली, म्हटलं बाबांनीच टोचली असणार. मोठ्या संघाच्या निवडीसाठी तिला बोलावणं आलंय, वहिनीला सांग.

तुमचे निकाल पेपरात वाचते आणि पान उलटते. प्रत्येक सोमवारी ती माझ्याआधी पेपर उचलते आणि घडी घालून ठेवून देते. फेब्रुवारीत मोसमाचा तुमचा शेवटचा सामना आमच्याशी आहे, तुमच्याच मैदानावर. तोपर्यंत तुम्ही तरून गेलेले असा रे बाबांनो, म्हणजे त्या दिवशी कुणाला त्रास नको.

लोभाची सवय मोडू नकोस.

बारकी

१९ फेब्रुवारी

चि. सौ. बारकीस,

अनेक आशीर्वाद.

निकाल तुला भिंतीकडून कळलाच असेल. पण ती सगळं सांगणार नाही, म्हणून मी लिहितो.

बरोबरी झाली असती तरी आपण वाचलो असतो. एका गोलाने मागे होतो. उत्तरार्धात बाजू बदलल्या आणि भिंत येऊन बरोब्बर माझ्यासमोर उभी राहिली, पाठ माझ्याकडे करून. तीच उभं राहायची पद्धत, तीच मान. कपडे तेवढे निळे. सामना संपता संपता आपल्याला पेनल्टी कॉर्नर मिळाला. मारायला आपली ‘तोफ’, गावाने हेच नाव ठेवलंय तिला. ही मुलगी याच वर्षी आली, भिंत तिच्यासमोर कधी खेळलेली नाही. पण मी तिला मोसमभर बघतोय. गोलकीपरच्या डाव्या हाताला मारायचं असलं की तिचा खांदा आधी खाली जातो. गेला. आणि मी उठून बेंबीच्या देठापासून ओरडलो. डावीकडे, म्हणून ओरडलो.

कुणाला ओरडलो ते तोंडातून निघून गेल्यावर कळलं. भिंतीने डावीकडे झेप घेतली आणि बॉल पॅडवर आदळून बाहेर गेला. शिट्टी झाली. संपलं.

कुणी मला शिवी दिली नाही गं. दिली असती तर बरं झालं असतं. सगळी बाकं माझ्याकडे बघत होती. पोस्टमनने माझी छत्री उचलून हातात दिली आणि तो निघून गेला. तेव्हापासून दुकानात माणसं येतात, स्क्रू पिळून घेतात, हवापाण्याचंही बोलत नाहीत. बाबांच्या वेळेपासूनची टीम मी एका ओरडण्यात घालवली. भिंत सामना संपल्यावर आमच्याकडे न येताच गाडीत बसली. तिने ऐकलं तरी का, हे मला विचारायचं धाडस नाही. तू विचार.

दादा

२७ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

विचारलं. ती मोरीत पॅड घासत होती. मग म्हणाली की ऐकलं. आवाज आला तेव्हा आपण कुणाकडून खेळतोय, हे तिच्याही डोक्यात नव्हतं. काका डावीकडे म्हणाले की डावीकडे जायचं, एवढंच अंगाला ठाऊक आहे. बॉल पॅडला लागल्यावर तिला भान आलं आणि तुझ्याकडे वळून बघायची हिंमत झाली नाही, म्हणून ती घरी आली नाही.

तेव्हापासून ती नीट जेवत नाही. आज मला विचारत होती की ती तशीच उभी राहिली असती तर बरं झालं असतं का. याचं उत्तर तुझ्याकडूनच यायला हवं रे दादा. मोठ्या संघात तिची निवड झालीय आणि ती बातमीसुद्धा तुला कळवू नका म्हणते.

उत्तर लांबवू नकोस. गवताबद्दल लिहू नकोस.

तुझी
बारकी

५ मार्च

चि. सौ. बारकीस,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तिला वाचून दाखव.

काल कारखान्याने मैदानाच्या फाटकाला कुलूप लावलं. मुलींच्या स्टिका पोत्यांत भरून गोदामात नेल्या. आम्ही पाचसहाजण फाटकाबाहेर उभे होतो. पोस्टमन शेवटी बोलला. म्हणाला की अख्खा मोसम आपण हरत होतो, ते काही तुझ्या ओरडण्यामुळे नव्हे. तो चांगला माणूस आहे. पण त्याच्या म्हणण्याने माझं ओझं हलकं झालं नाही, आणि ते व्हावं अशी माझी अपेक्षाही नाही. टीम गेली याचं दुःख मला मरेपर्यंत पुरेल.

आता पोरी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू मुद्दाम उभी राहिली असतीस, बॉल आत गेला असता, तर आपली टीम वाचली असती. मी बाकावर नाचलोही असतो. आणि घरी येऊन तुझ्या रिकाम्या खोलीच्या दाराशी मला उभं राहता आलं नसतं. मी गेले आठ दिवस स्वतःला विचारतोय की तोच कॉर्नर पुन्हा लागला तर तोंड मिटून बसशील का. नाही बसणार. टीम जाणार हे ठाऊक असूनही मी ओरडेन. गावात हे कुणाला सांगू नका, मला इथेच राहायचंय.

वहिनी म्हणते, निवडीची बातमी लपवलीस म्हणून तुझा कान पिळायचा आहे. मला सध्या रविवारी काय करायचं तेच कळत नाही. म्हणून बारके, तिचे सामने कुठल्या तारखांना आहेत ते उलटटपाली कळव. आम्ही दोघं येतो. निळं मात्र मी काही झालं तरी घालणार नाही.

दोघींवर जेवढा लोभ आहे, तेवढा आता तुम्ही दोघींनी माझ्यावर करा.

तुमचा
दादा