क्लीटची नवी भट्टी

ओडेसा, टेक्सस

प्रिय आई,

मी ठीक आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आम्हा बहीणभावांच्या भांडणापासून क्लीट माझा फोन घेत नाही, म्हणून लिहिते.

काल जुन्या टाकीची केलेली, मांस धुरावर भाजायची भट्टी बघायला हॉलिस वेल्डरकडे गेले होते. पत्रा जाड, दार घट्ट, बाजूच्या जाळाच्या कप्प्याचं वेल्डिंगही सुरेख. पण आतून उग्र वास आला.

"ही टाकी आधी कशाची होती?" मी विचारलं.

"कापसावर फवारायच्या औषधाची. धुरानं जातो वास, ताई!" तो हसला. "तुमच्या क्लीटनं हिचीच जुळी भट्टी नेली की!"

मी तशीच परतले.

आई, ईस्टरला सगळे क्लीटकडेच जेवणार ना? त्याला भट्टी पेटवू देऊ नकोस. नाहीच ऐकलं, तर पोरांना तिथून उठवून घरी ने.

तुझीच,
व्हर्लीन