आपल्याकडे कुणाला शुगर नाही

नाना, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं तुमचे जावई म्हणतात. त्यांना म्हणू दे.

मागच्या सोमवारी गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी माझा रिपोर्ट बघून विचारलं, "घरात कुणाला डायबेटिस?" मी सवयीने "नाही" म्हटलं. पंचवीस वर्षं हेच म्हणते आहे, लेकीच्या वेळी दिवस गेले होते तेव्हाही हेच सांगितलं. आणि तिथे खुर्चीत बसल्या बसल्या मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तुम्ही डब्यांच्या मागून गोळ्या काढताय, आई दारात उभी राहून कुणी येतंय का बघतेय. मी तेव्हा बावीसची, स्थळं येत होती. पुढे एकदा नाशकात द्वारका चौकातल्या आपल्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मी चहावाल्याला म्हटलं, "नानांना बिनसाखरेचा द्या." गिऱ्हाईक जाईपर्यंत तुम्ही हसत होतात. मग म्हणालात, "लय शहाणी झालीस का? घराण्यात शुगर हाय असं पाव्हण्यारावळ्यांत कळलं, तर तुला कोण करून घेईल? आपल्याकडं कुणाला काय नाय. ध्यानात ठेव." आणि तो गोड चहा माझ्यादेखत संपवलात.

ठेवलं ध्यानात. तुमच्या पायाची दोन बोटं काढली तेव्हासुद्धा आम्ही पाहुण्यांना 'खिळा लागला' म्हणून सांगितलं. काय मूर्खपणा हा, नाना!

मी शेवटी खरं सांगितलं तेव्हा बाई वैतागल्या. "आधी बोलला असतात तर दरवर्षी तपासलं असतं. अजून झालेला नाही, पण काठावर आहात. वडिलांना होता म्हणजे तुम्हाला होणारच, असं नाही. रोज चाला, पोटाचा घेर उतरवा, गोड आवरा. यातून मागे फिरता येतं." इतकं साधं होतं ते. तुम्ही त्याचं गुपित करून ते माहेरच्या आहेरासारखं बांधून दिलंत आणि गाठ सोडायची नाही म्हणून बजावलंत. माझ्या भल्यासाठी केलंत, हे कळतं मला. त्याचाच जास्त संताप येतो. दुष्टपणाने केलं असतंत तर एकदा शिव्या घालून मोकळी झाले असते.

हा कागद तुम्हाला पोचायचा नाही, म्हणून लिहिते. काल लेकीला बघायला लोक आले होते. माणसं चांगली आहेत, मुलगाही तिला आवडलाय. पोहे खाता खाता मुलाच्या आईने सहज विचारलं, "तुमच्याकडे बीपी, शुगर असलं काही?" लेक माझ्या शेजारीच बसली होती. मी "छे हो" म्हणाले आणि त्यांना आणखी पोहे वाढले. तू एकदा तपासून घे, असं लेकीला मी अजून सांगितलेलं नाही.