घोटलेले चोवीस कागद

माय, आज पुन्हा तुझ्यावर चिडले, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की चिडायला आता काही कारण उरायला नको. पण दुपारी कपाट आवरताना ते पुस्तक हाताशी आलं. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी केलेलं, घड्याघड्यांचं, पूर्ण उघडलं की खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारं. पहिल्या पानावर बोट ठेवलं आणि ते घसरलं. तेव्हा घसरलं होतं, अगदी तसंच. माझं डोकं फिरलं. कपाट उघडं टाकलं आणि लिहायला कागद ओढले. दुकानातले आहेत, तू नाक मुरडलं असतंस.

तू हातकागदाच्या केंद्रात घोटाईला होतीस. चिंध्या कुजवून, कुटून, लगदा करून केलेले कागद वाळले की त्यांना खळ लावायची, पुन्हा वाळवायचे, आणि मग तुझ्या पुढ्यात यायचे. तू ते फळीवर पसरून गुळगुळीत गोट्याने घासायचीस, चकाकी येईपर्यंत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एवढंच. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा मोठा झाला होता आणि पोलक्याची उजवी बाही आधी उसवायची. तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. आपल्या लोकांनी धम्म घेतला तोवर तुझं लग्न होऊन गेलं होतं, शाळेचं वय कधीच मागे पडलं होतं. पण विहारात कुणी पुस्तक वाचायला घेतलं की सगळ्यांत पुढे तू. आणि माझी नवी वही आली की आधी तुझा तळवा तिच्यावरून फिरणार. "याच्यावर लिवाचा टाक अटकन," म्हणून तू एकदा शाळेची वही दुकानदाराला परत करायला लावली होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. वर्ध्याच्या कलाविद्यालयात आमच्या सरांनी शेवटच्या परीक्षेला एक पुस्तक करायला सांगितलं. कागदापासून शिवणीपर्यंत सगळं आपल्या हातचं हवं, आणि मजकूर हवाच असं नाही. मी ठरवलं, समुद्रपूरची तुझ्या माहेरची विहीर करायची. चोवीस पानं. प्रत्येक पानावर पाणी थोडं खाली गेलेलं, शेवटी नुसता तळ. शब्द एकही नाही. त्यासाठी मला खरबरीत, शोषून घेणारा कागद हवा होता, ब्रश टेकवला की शाई फुटली पाहिजे, पसरली पाहिजे. केंद्राच्या साहेबांना विचारून मी रविवारी तिथे जायची, लगद्यात सरकीची टरफलं मिसळायची, कागद उचलायचा जाळीचा साचा स्वतः बुडवायची. तू शेजारी उभी राहून बघायचीस आणि तुझ्याने राहवायचं नाही.

"कोंडा काऊन टाकून राह्यली व त्याच्यात?"

"मले तसाच पाह्यजे."

"अन् लिवशीन काय?"

"लिवाचं नाई, माय. चित्रंच हायेत."

"मंग पुस्तक काऊन म्हनतं? पुस्तक म्हनल्यावर वाचाले पाह्यजे न काई."

मी समजावलं. तीन-तीनदा समजावलं. तू मान हलवायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. खरं सांगते, तेव्हाच मला तुझा वैताग यायला लागला होता. वर्गात माझं म्हणणं पटवायचं, सरांना पटवायचं, आणि घरी आल्यावर तुलाही.

कागद वाळले, मी ते मोजून आपल्या सिंदी मेघेच्या खोलीत पेटीवर ठेवले आणि शाई आणायला नागपूरला गेले. मावशीने दोन दिवस ठेवून घेतलं. परत आले तर तू दारातच उभी. चेहरा असा, की जणू घरात कुणाचं लग्न ठरलंय. पेटीवर माझे चोवीस कागद, एकावर एक, चारी कोपरे जुळवून ठेवलेले. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडून परतत होतं. तू खळ शिजवली होतीस, अंगणात दोरीवर कागद वाळवले होतेस, केंद्रातून गोटा मागून आणला होतास आणि सुट्टी टाकून दोन दिवस पाटावर बसून एकेक कागद घोटला होतास. सरकीची टरफलंसुद्धा दाबून सपाट केली होतीस.

"पाह्य, कसे झाले. आता टाक कुठीसा अटकनार नाई."

मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. "कोन सांगतलं होतं तुले? तुले अक्षर तरी वयखता येते काय? माहं वर्ष खराब केलं तू." तू म्हणालीस, "मले काय मालूम व, तू सांगून जायचं," आणि पाट उचलून आत गेलीस. पुढचे आठ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तू ताट वाढायचीस, मी जेवून उठायची.

नवे कागद करायला वेळच नव्हता, परीक्षा आठ दिवसांवर आली होती. त्याच कागदावर काम करावं लागलं, आणि काय सांगू, रडकुंडीला आले. शाई फुटेना. ब्रश टेकवला की शाई वरच्यावर उभी राहायची, हळूहळू वाळायची आणि वाळल्यावर चमकायची. माझ्या डोक्यातली विहीर वेगळी होती, ओल मुरलेली, काळपट, मातकट. ही तर उजेडात लकाकत होती. मी शिव्या देत चोवीस पानं संपवली, घड्या घातल्या, जोड चिकटवले, पुठ्ठे लावले. हे माझं पुस्तक नाही, असं मला शेवटच्या जोडापर्यंत वाटत होतं.

परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्क, फार न बोलणारे. बाकीच्यांची पुस्तकं त्यांनी उभ्याउभ्या बघितली. माझं घेऊन ते खिडकीशी गेले, पान तिरपं केलं, मग दुसरं. चित्राबद्दल, कल्पनेबद्दल, मी रात्रंदिवस ज्याचा विचार केला होता त्याबद्दल एक शब्द नाही. पानावरून बोट फिरवत म्हणाले, "पाणी खरंच पाण्यासारखं दिसतंय. ही घोटाई कुणी केली?"

माझ्या तोंडून निघालं, "मी, सर."

कशाने घोटलं, खळ कसली, किती वेळ लागला, सगळं त्यांनी विचारलं आणि मी सगळं घडाघडा सांगितलं. जन्मभर तुझ्यासमोर बसलेली, मला न यायला काय झालं? पुढे मी स्वतः शिकवायला लागले, तेव्हा मुलांनाही ती माझीच पद्धत म्हणून सांगितली. एकदा वर्गात करून दाखवायला गेले तर तिसऱ्या मिनिटाला खांदा भरून आला आणि कागद फाटला. तेव्हाही मनातल्या मनात तुझाच राग आला. तू विचारलं असतंस, तर हे काहीच झालं नसतं. अजूनही मला असंच वाटतं. न विचारता माझ्या कामाला हात लावायला नको होता तू.

हे पत्र तुला पोचणार नाही हे माहीत आहे. पोचणार असतं तर मी पुढचं लिहिलंही नसतं, कारण तुला ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं.

त्या दिवशी विद्यालयातून निघताना सरांनी मला दाराशी थांबवून सांगितलं, की परीक्षकांनी सगळ्यांत जास्त मार्क मला दिलेत. मी चालत घरी आले. तू पीठ मळत होतीस. आठ दिवसांनी आपण पहिल्यांदा बोललो.

"काय म्हनले परीक्षेचे साहेब?"

"पास केलं," मी म्हणाले, "पन तुह्या घोटन्यापायी मार्क कटले."

तू परातीत पाणी घातलंस आणि मळत राहिलीस. त्यानंतर माझ्या कागदांना तू कधी हात लावला नाहीस. झाडू मारतानासुद्धा, ते पडले असतील तेवढी जागा सोडून झाडायचीस.