मर्डोचं सोंग

प्रिय आई,

डंडीत माझं बरं चाललंय, जेवतेही वेळेवर. डॉक्टर घडतात कसे, यावरचं आमचं संशोधन वाढतंय. आणखी दोन खोल्या मिळाल्या.

काल विद्यार्थ्यांच्या परीक्षेत त्यासाठीच ठेवलेला आमचा म्हातारा मर्डो नेहमीप्रमाणे रुग्णाचं सोंग घेऊन छातीत कळ आल्यासारखं कण्हत होता. काचेमागून मी, डॉक्टर असून, म्हटलं, "आज मर्डो रंगात आलाय." एका मुलीनं मात्र त्याचा हात धरला आणि ती ओरडली, "हे सोंग नाही, ॲम्ब्युलन्स बोलवा."

मर्डो वाचला. परीक्षा अर्धवट सोडली म्हणून ती मुलगी नियमाने नापास. त्यावरून मी इथे भांडतेय.

तूही फोनवर "मला काय धाड भरलीय" म्हणतेस. शनिवारच्या बोटीने बेटावर येतेय. चहा नंतर टाक, आधी नाडी बघू दे.

तुझी,
इफी