डॉयलच्या गळ्यातली गोळी

प्रिय डॉयल,

नाही. येत्या रविवारी मी चर्चमध्ये तुझ्या शेजारी उभी राहून देवाच्या कृपेची साक्ष देणार नाही. तू लेकीकडून, कार्लाकडून, निरोप धाडलास, पाद्री लेमन्सना फोन करायला लावलास, काल तर फाटकाशी गाडी उभी करून हॉर्न वाजवत बसलास. तिन्हीला माझं उत्तर एकच. आणि तोंडाने सांगायचं सोडून पत्र का लिहिते म्हणशील, तर तुझा एक कान गेलेला आहे आणि दुसऱ्याने तू कुणाचं ऐकत नाहीस. कागदाला निदान मध्येच तोडता येत नाही. तेव्हा चष्मा शोध, कॉफी ओतून घे, आणि गप बस.

तुझं म्हणणं, त्या दिवशी सगळ्यांत जवळ मीच होते. होतेच. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती, माझ्या हातात भरल्या अंड्यांचं ताट होतं, आणि तू चर्चचा राखणदार म्हणून दाराशी खुर्ची टाकून बसला होतास. छाती अशी काढलेली, की जणू सगळ्या परगण्यातले चोर आज आपल्याच चर्चमध्ये जेवायला येणार आहेत. तुझी नात टेसी तुझ्या पायाला मिठी मारून कोंबडीची तंगडी मागत होती. खुर्चीत तुझं पोट आणि पिस्तूल, दोघांना एकदम जागा होईना. मग तू शर्टाखालून पिस्तूल उपसलंस आणि परत त्या कातडी खोळीत खुपसलंस. ती खोळ आमच्या लग्नात हॉलिसने घातलेल्या बुटांपेक्षा जुनी. मऊ पडून तिचा काठ आत वळलाय, हे मी तुला दोनदा सांगितलं होतं. वळलेला काठ चापात अडकला, तू वरून जोर दिलास, आणि टिक झालं. नळी खाली होती. खाली टेसीचं डोकं होतं.

तुला तो आवाज बहिऱ्या कानानेही ऐकू आला. मी तुझं तोंड बघितलं ना. पिठाच्या डब्यात बुडवून काढल्यासारखं झालं होतं. तू बाहेर गेलास, खडीवर उभा राहून नळीतली गोळी काढलीस, तिच्या बुडावर पिस्तुलाची सुई आपटल्याची खूण बघितलीस आणि गुडघ्यांवर बसलास. इथवर मी तुझ्यावर रागावले नव्हते. माणूस चुकतो, घाबरतो, रडतो. त्या दिवशी टेसीला पोटाशी धरून तू रडलास तेव्हा मीसुद्धा अंडी तशीच टाकून संडासात जाऊन रडले. कुणाला कळलं नाही, आणि तू कळू देऊ नकोस.

पण पुढच्या रविवारी तू काय केलंस? उठून उभा राहिलास, आणि परमेश्वराने गोळीचं तोंड कसं दाबून धरलं याची साक्ष दिलीस. बायका रडल्या. पुरुष नाक शिंकरत होते. ती न उडालेली गोळी तू दोरीत ओवून गळ्यात घातली आहेस, जो भेटेल त्याला शर्टाचं बटण काढून दाखवतोस. हेही मी चालवून घेतलं असतं. पण त्याच सकाळी, त्याच कमरेला, त्याच खोळीत, तेच पिस्तूल होतं, आणि तुझी कार्ला मला सांगते की बाबांनी नळीत नवीकोरी गोळी चढवली आहे. का, तर देव राखतो हे आता सिद्ध झालं. डॉयल, देवाने एकदा तुझी चड्डी सावरली म्हणून माणूस पट्टा लावायचं सोडत नाही.

आता तू तुझं जुनं दळण सुरू करशील. नळी रिकामी ठेवून पिस्तूल बाळगायचं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणायची. हे वाक्य मी तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या कोंबड्यांनाही पाठ आहे. आणि तुझ्या म्हणण्यात काही नाही असंही मी म्हणत नाही. तलावावरच्या तुझ्या गळ-गांडुळांच्या दुकानात तो टोळभैरव शिरला, त्याने तुझा डावा हात गल्ल्यावर दाबून धरला, आणि हॉलिसने शिकवल्याप्रमाणे तुझी नळी रिकामी होती. पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढून गोळी चढवायला दोन हात लागतात, तुझ्याकडे एकच मोकळा होता. त्याने ते हिसकावून तुझ्याच कानशिलात हाणलं. तो कान तिथेच राहिला. तुझ्या उशाशी बसून हॉलिस किती दिवस नीट जेवला नाही, ते तुला माहीत नाही, मला माहीत आहे. त्याला वाटायचं, धाकट्या भावाचा कान आपण घालवला. तरी त्याने स्वतःची रीत बदलली नाही. तो म्हणायचा, "मागे ओढायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच माणसाला विचार करायला मिळतो. तोही घालवला तर मग उरलं काय?" तुम्ही दोघे भाऊ माझ्या स्वयंपाकघरात यावरून भांडायचात आणि मी मधे कॉर्नब्रेडचा तवा आपटायची. मला त्या भांडणाची मजा वाटायची. खोटं कशाला बोलू.

मजा संपली ती हॉलिसला मातीत ठेवला त्या दिवशी. लोक हॅम आणि बटाटे घेऊन घर भरून बसले होते आणि तू ओसरीवर कुणाला तरी सांगत होतास, की माझा भाऊ चांगला माणूस, पण बंदुकीतलं त्याला काही कळत नव्हतं. खिडकी उघडी होती रे. ज्याने तुला पहिल्यांदा बंदूक हातात धरायला शिकवलं, त्याच्याबद्दल. मागच्या कुंपणाशी टिनाचे डबे मांडून तो तुझ्याकडून नेम धरून घ्यायचा, आठवतं? शेडमध्ये बसून आम्ही दोघं घरच्या गोळ्या भरायचो, आणि तो खऱ्या गोळ्यांत गुपचूप एखादी पोकळ घालायचा. दारू नाही, बुडाला ठिणगीची जुनी टोपी, आधीच एकदा उडून खूण पडलेली, दिसायला अगदी खरीसारखी. नेमबाजाला ठाऊक नसतं कुठली कुठे आहे. पोकळ गोळीवर चाप ओढला की नुसतं टिक होतं, आणि मग दिसतं की हा गडी आवाजाच्या भीतीने आधीच दचकतोय. तू दरवेळी दचकायचास. नळी अशी खाली जायची, जसं काही तू गोगलगायीवर नेम धरतोयस. मी कुंपणावर बसून हसायची. मी नवी नवरी, तू मिसरूड न फुटलेला दीर, आणि तू मला म्हणालास, वहिनी, एक दिवस तू बघच. बघितलं हो भावजी. छान बघितलं.

मग ते ड्रॉवरचं. पुरल्यानंतर तू हॉलिसचं पिस्तूल पुसून, तेल लावून माझ्या स्वयंपाकघराच्या ड्रॉवरात ठेवलंस. मी तुला भाकरी-रस्सा वाढला, देव तुझं भलं करो म्हटलं. पुढे एकदा मी तिथे भोपळ्याच्या बियांचं पाकीट शोधत होते, पिस्तूल बाजूला करायला उचललं, आणि हॉलिसच्या हाताची सवय माझ्याही हाताला आहे म्हणून आधी नळी बघितली. आत गोळी. त्या घरात, त्या ड्रॉवरात, जिथे टेसी येऊन बिस्किटाचे साचे काढते, तिथे तू मला न सांगता गोळी चढवून ठेवली होतीस. मी विचारलं तर खांदे उडवलेस. म्हणालास, "तुझ्या भल्यासाठी केलं वहिनी. सांगितलं असतं तर तू ठेवू दिलं असतंस का?" नसतंच ठेवू दिलं. म्हणून तर विचारायचं असतं, गाढवा.

आणि एवढ्यावर थांबलास का? ईस्टरच्या जेवणाला सगळ्या टेबलासमोर तू माझी नक्कल केलीस. वहिनीच्या घरात चोर शिरला तर वहिनी म्हणेल, थांब रे बाबा जरा, मला चष्मा सापडू दे, मग हे मागे ओढते, मग तुला मारते, तोवर एक बिस्कीट खा. लोक हसले. पाद्री लेमन्स तर चहा नाकातून येईपर्यंत हसले. मीही हसले. पण मी हसले की तू घाबरायला पाहिजे होतंस. इतक्या वर्षांत एवढंही शिकला नाहीस. वर बढाई मारलीस, की तुझ्या पिस्तुलातली एक गोळी इकडची तिकडे झाली तरी तुझ्या कमरेला कळतं. नळीतली गोळी तू कधी काढतच नाहीस, कारण काढायची गरजच काय, ती तिथे असतेच. हे तुझेच शब्द.

बाकी इकडची खबर म्हणशील तर ओढ्याचं पाणी उतरलं, पूल अजून चिखलात आहे. लाल कोंबडी खुडूक बसलीय आणि मला चोच मारते, तुझीच बहीण शोभते. सिंकखालचा नळ तू वसंतात बसवून दिलास तो अजून टिकला आहे, त्याबद्दल आभार, ते मी मोकळ्या मनाने मानते. तुला नळातलं कळतं. अग्निशामक दलाच्या सहलीतली नेमबाजी पुरामुळे पुढे ढकलली, ती आता पानं गळायला लागली की होणार म्हणतात. त्या नेमबाजीची मी यंदा जेवढी वाट बघितली तेवढी लग्नाची बघितली नव्हती.

आता ऐक. रविवारी तू चर्चला येशील तेव्हा एकतर नळी रिकामी असेल, नाहीतर ती खोळ चुलीत गेलेली असेल आणि तिच्या जागी कडक, चाप झाकणारी नवी खोळ असेल. तुझा कान गेलाय, मी तुला नळी रिकामीच ठेव असा हट्ट धरणार नाही. तो तुझा जीव, तू बघ. पण त्या मऊ खोळीत भरलं पिस्तूल घेऊन तू टेसीला पायाशी घेतलंस, तर मी उभी राहून साक्ष देईन, आणि ती तुला हवी तशी नसेल. कार्लाला मी अजून काही सांगितलेलं नाही. आधी तुला सांगते आहे, कारण हॉलिसचा तू भाऊ आहेस, आणि कारण तू त्या बाकावरून देवाचे आभार मानताना तुझा आवाज खरा होता. त्या खऱ्या आवाजानेच मला झोप लागू दिली नाही.

देवाने गोळीचं तोंड दाबलं नाही, डॉयल. त्या गोळीत दारूच नव्हती. वसंतात, ईस्टरनंतर, तू माझ्या सिंकखाली उताणा पडला होतास, पाठीला टोचतं म्हणून पिस्तूल फ्रिजवर ठेवलंस आणि आतून ओरडलास, वहिनी, हात लावू नकोस हं, भरलेलं आहे. मी हात लावला. तुझी नळीतली गोळी काढली आणि तिच्या जागी हॉलिसच्या डब्यातली पोकळ घातली. तू पाना मागितलास तो मी दुसऱ्या हाताने दिला. तुझी खरी गोळी माझ्या खिडकीत आहे, मिठाच्या बरणीशेजारी. बुडावरची जी खूण तू लोकांना दाखवत फिरतोस ती बरीच जुनी आहे. हॉलिस पोकळ गोळीत ओळखीसाठी मक्याचा एक सुका दाणा टाकायचा. गळ्यातली काढ, चांगल्या कानाशी धर आणि हलव. आणि मी मोठी शहाणी, मला पुढचं दिसलं होतं, असं मनात आणू नकोस. टेसीचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. इतके रविवार तू चर्चच्या दाराशी पोकळ गोळी घेऊन राखण करत होतास. खरंच कुणी आलं असतं तर तो जीव माझ्या माथी बसला असता, त्याचाही विचार नव्हता. नेमबाजीच्या दिवशी सगळ्या गावासमोर तुझं पिस्तूल टिक म्हणावं, नळी गोगलगायीवर जावी, आणि मी कुंपणावर बसून हसावं, एवढ्यासाठीच मी ती घातली होती.

तुझीच वहिनी,
व्हेल्डा