कुंडलिक सरांची चौथी शाल

भोर,
सोमवार, दुकानातून

सौ. सुलक्षणाताईंना,

धाकट्या झुल्फिकारचा सलाम घ्या, आणि तुमच्या देव्हाऱ्यातल्या मंडळींना माझा नमस्कार पोचवा. इकडे सगळी खुशाली आहे. तुमच्या भावजयीची, नुजहतची कंबर थंडी पडल्यापासून कुरकुरते, पण जीभ ठणठणीत आहे. तुमचा गुडघा कसा आहे? गुंजवण्याला आमच्यापेक्षा गारठा जास्त, तेव्हा तिळाचं तेल चोळत चला. भाताची झोडणी उरकली असेल असं समजतो.

पत्राला कारण तसं काही नाही. तुमचे दोन ब्लाउज शिवून झाले (बाह्यांची लांबी तुम्ही सांगितली तीच ठेवली, नुजहतचं ऐकलं नाही), ते गेनूच्या टेम्पोतून पाठवतोय, आणि नुसतं पुडकं काय पाठवायचं म्हणून चार ओळी लिहितोय. आपण एका आळीत वाढलो, लहानपणी तुम्ही माझा कान धरून मला शाळेत पोचवायचात, तेव्हापासून तुम्ही माझ्या ताई. कुंडलिक सर मैदानावर माझे सर आणि घरात माझे दाजी. पण आपल्या नीरामाई फुटबॉल क्लबातल्या लोकांना हे नातं कधी ध्यानातच राहत नाही. माझ्याच दुकानातल्या बाकावर बसून, माझाच चहा पिऊन, ते माझ्याच दाजींची चिरफाड करत असतात.

सारोळ्याच्या संघानं दाजींना मॅनेजरपदावरून काढल्याची बातमी गेनूनंच आणली. (गेनूच्या टेम्पोत माल कमी आणि बातम्या जास्त.) ती ऐकून बाकावरची मंडळी इतकी भडकली की मला मशीन थांबवावं लागलं. सारोळ्याची काय लायकी आमच्या सरांना काढायची, असा सगळ्यांचा सूर. आता तुम्हीच बघा, दोन वर्षांपूर्वी आपल्याच क्लबानं त्यांना काढलं. गेल्या वर्षी वेल्ह्याच्या संघानं काढलं तेव्हा ह्याच बाकावर ‘आमी म्हणतच व्हतो’ म्हणत भजी वाटली गेली. पण तिसऱ्या संघानं काढलं म्हटल्यावर यांना एकाएकी दाजींचा उमाळा आला. सुनेच्या आमटीला घरात रोज नावं ठेवायची, आणि शेजारणीनं नाव ठेवलं की पदर खोचून भांडायला जायचं, तसला हा प्रकार. गेनू म्हणतो (तो मोबाईलवर परदेशातल्या मॅची बघतो) की तिकडंही हेच चालतं. मॅनेजर आपल्याकडं असतो तोवर प्रेक्षक बोंबलतात, आणि तो तिसऱ्या ठिकाणाहून निघाला की म्हणतात, माणूस तसा गुणी होता.

आपले माऊली, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, पूर्वी काय म्हणायचे ते तुमच्या कानावर आलंच असेल: ‘ह्यो माणूस फुटबॉल खेळवतोय का लग्नात चपला राखतोय?’ आता तेच माऊली म्हणतात, ‘पण चपला घरला यायच्या का न्हाई?’ दाजींचं म्हणणं साधं होतं. आधी बांध धरा, मग पाणी सोडा, लावणीचं त्यानंतर बघू. बांध धरण्यातच आमचा सगळा मोसम जायचा आणि लावणीची वेळ काही यायची नाही, हे खरं आहे. पण बांध कधी फुटला नाही, हेही तेवढंच खरं. त्यांच्या जागी पुण्याहून आणलेला तो स्वरूप नावाचा मुलगा अकराच्या अकरा जण पुढं धाडायचा, गोलकीपरसुद्धा. त्या वर्षी मी जर्सीच्या पाठीवर नंबर शिवायचं सोडून दिलं. आपली पोरं इतक्या वेळा पाठमोरी वाकून जाळ्यातून चेंडू काढायची, की कुणाची पाठ कोणती हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

तर आता शून्य-शून्यचे दिवस आठवून लोक उसासे टाकतात. वाईच्या संघाशी झालेलं शून्य-शून्य जास्त बहारीचं की शिरवळच्या संघाशी झालेलं, यावर मागं अर्धा तास वाद झाला आणि एका गिऱ्हाइकाची पँट तशीच कापायची राहिली. दाजींना काढायचा ठराव एकमतानं झाला होता, पण आता त्या मताचा एकही माणूस भोरात सापडत नाही. गेनू म्हणतो, तो त्या दिवशी माल घेऊन महाडला गेला होता. माऊली म्हणतात, त्यांनी हात वर केला होता तो पंखा बंद करा म्हणायला.

पण ताई, खरा घोळ झाला तो आपल्या लोकांच्या सभ्यपणामुळं. माणसाला तोंडावर ‘या आता’ म्हणायचं म्हणजे आपल्याकडं जिवावर येतं. म्हणून मग सत्कार करायचा. शाल घालायची, नारळ द्यायचा, चार शब्द बोलायचे, फोटो काढायचा, आणि समजणारा समजून जातो. दाजी मात्र पहिल्या खेपेला समजले नाहीत. त्यांना वाटलं, चांगलं काम केलं म्हणून सत्कार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी गळ्यात घालून मैदानावर हजर! त्याच्या दुसऱ्या दिवशीही हजर, आणि पोरांना जास्तच पळवायला लागले, कारण सत्कार झालेल्या माणसावर जबाबदारी वाढते. शेवटी तुम्हीच त्या नारळाकडं बघून त्यांना सांगितलंत, ‘आवं, त्यांनी तुमाला काढलंय.’ मला वाटतं, साऱ्या भोर तालुक्यात ते वाक्य सरळ बोलणाऱ्या तुम्ही एकट्याच. तेव्हापासून दाजी शहाणे झाले. वेल्ह्यात शाल दिसल्याबरोबर ते उठून उभे राहिले. सारोळ्यात तर, ऐकतो, शाल पिशवीतून बाहेर यायच्या आधीच त्यांनी मान पुढं केली.

आता कालच्या नव्हे, त्याआधीच्या रविवारचं. दाजींना परत बोलवायचं असं क्लबात ठरलं. या वेळी खरोखरचं एकमत होतं, मी स्वतः मोजमाप घेतलं. फोन करून ‘या’ म्हणायचं तर फोन कुणी करायचा? काढलेल्या माणसाला बोलवायचं म्हणजे आधी त्याचा मान ठेवायला हवा, असं माऊलींनी मांडलं आणि सगळ्यांना ते पटलं. (मलाही पटलं. शिलाईच्या धंद्यात उलटी बाजू आधी बघायची असते, ती मी त्या दिवशी बघितली नाही.) मग ‘छोटा कार्यक्रम आहे, जरूर यावे’ असा निरोप गेला. दाजी कापूरव्होळला गाडी बदलून, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर आले. तोंडावर अशी आशा होती ताई, की मला त्यांच्याकडं बघवेना. हॉलमध्ये टेबलावर शाल होती, नारळ होता, हार होता. दाजींची नजर तिकडं गेली, आणि शिवण उसवलेल्या विजारीसारखा त्यांचा चेहरा उतरला.

तरीही वेळ गेली नव्हती. पण बोलायला उठले माऊली. माऊलींनी डेपोत हयातभर रिटायर होणाऱ्यांना निरोप दिले, त्यामुळं त्यांना भाषण एकच येतं. सरांनी या क्लबासाठी रक्ताचं पाणी केलं, त्यांची उणीव आम्हांला पदोपदी भासेल, त्यांचं पुढलं आयुष्य सुखासमाधानात जावो, इथपर्यंत ते गेले, आणि स्वतःच्याच शब्दांनी भरून येऊन त्यांनी डोळे पुसले. मी मागून त्यांचा सदरा ओढत होतो, तर त्यांना वाटलं मी भाषण आवरायला सांगतोय, म्हणून त्यांनी घाईनं शालच घातली. (शाल बऱ्या प्रतीची होती, तेवढं मात्र सांगतो.) दाजी उठले. म्हणाले, ‘मंडळी, म्या तीनदा काढल्याला माणूस. शाल दिसली की मला समजतं. पर कामावर घ्यायच्या आदीच काढणारे तुमीच पयले. लई उपकार झाले, माझी यायची-जायची दगदग वाचली.’ आणि नारळ काखेत मारून चालायला लागले.

आणि ताई, आम्ही टाळ्या वाजवल्या! सत्कार झालेला माणूस निघाला की टाळ्या वाजवायच्या, हे हातांना इतकं सवयीचं आहे की डोक्याला विचारलंच नाही. तो माणूस हॉलच्या दारातून बाहेर पडला, रस्ता ओलांडून एसटी स्टँडकडं गेला, आणि आम्ही सगळे दारात उभे राहून टाळ्या वाजवतोय. मला त्या टाळ्यांची अजून लाज वाटते.

गेनू टेम्पो घेऊन मागं धावला. त्याला बजावून पाठवलं होतं की वाटेत सरांना सगळं नीट समजावून सांग. दाजी टेम्पोत बसले. कापूरव्होळपर्यंत गेनू डिझेलच्या भावावर बोलला, नसरापूरपर्यंत इंद्रायणी तांदळाच्या भावावर, आणि पुढं कुणाच्या तरी गोठ्यात बिबट्या शिरला होता त्याच्यावर. तुमच्या दारात दाजी उतरले तेव्हा हा ‘बरंय सर, येतो’ म्हणाला आणि टेम्पो वळवून परत आला. मी विचारलं, ‘सांगितलंस का?’ तर म्हणतो, ‘इषयच निघाला न्हाई.’ पूर्वी शिव्या घालताना ह्याच गड्याचा आवाज नदीच्या पलीकडं जायचा.

परवा तुम्ही नुजहतशी फोनवर बोललात, ते तिनं सांगितलं. दाजींनी शिट्टी खुंटीला टांगली, घराबाहेर पडत नाहीत, दिवसभर तांदूळ निवडत बसतात आणि ‘माझा खेळ संपला’ म्हणतात, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तांदूळ निवडणं वाईट नाही, पण त्या माणसाला मैदानावर बघितलेल्यांना ते बघवायचं नाही. हा एक माणूस पायाला चेंडू लागला की तरणा होतो, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला सुपाशी बसवला.

असो. फार लिहिलं, पुडकं जड झालं. घरातल्या सगळ्यांना माझी आणि नुजहतची आठवण सांगा, गुडघ्याला जपा. भोरला आलात तर सरळ आमच्याकडं उतरा, कोंबडी तुम्हाला चालत नाही हे नुजहतच्या लक्षात आहे.

आपला,
झुल्फिकार

ता. क. हिरव्या ब्लाउजला हूक जास्तीचे दोन लावलेत. घट्ट झाला तर उसवू नका, परत पाठवा.

ता. क. दुसरा. ताई, तुमचा चष्मा जात्यावर पडून फुटला आणि नवा यायला वेळ आहे, हेही नुजहतनं सांगितलं. तेव्हा हे पत्र दाजीच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत असणार, याची मला खात्री आहे. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर ते ‘नुजहत बरी आहे ना?’ एवढं विचारतात आणि फोन तुमच्या हातात देतात. वरती चपला राखण्याचं वाचताना ते थांबले असतील. ते मी मुद्दाम ठेवलं, नाहीतर पुढलं कौतुक त्यांना खरं वाटलं नसतं. हातातला कागद त्यांनी खाली ठेवू नये, अजून चारच ओळी उरल्या आहेत.

ता. क. तिसरा. सर, त्या रविवारी आम्ही तुम्हाला परत घ्यायला जमलो होतो. तुमच्याशिवाय आमचं चालत नाही, आणि तुम्ही मैदानावर परत यायला हवंत. भोरात हे तुमच्या तोंडावर बोलायची एकाचीही छाती झाली नाही. पण आता हे तुमच्याच तोंडून, मोठ्या आवाजात, ताईंच्या देखत बोललं गेलंय, तेव्हा तुम्हाला ते खोटं म्हणता यायचं नाही.